दाताच्या मुळापर्यंत पाहणारा माणूस : डॉ. एडमंड केल्स

मोबाईलच्या कॅमेऱ्याबद्दल वाचायला तुम्हाला कुठेही मिळेल. मेगापिक्सेल, अपर्चर, नाईट मोड, सगळं. आज त्याच कॅमेऱ्यातल्या सेन्सरच्या एका चुलत भावाबद्दल बोलूया, जो खिशात राहत नाही, थेट तोंडात जातो. दाताचा एक्स-रे काढताना डॉक्टर वायर जोडलेली एक चपटी वडी दाढेच्या आतल्या बाजूला सरकवतात. ती वडी म्हणजे हा सेन्सर. बटण दाबलं की दोन-तीन सेकंदांत समोरच्या स्क्रीनवर दाढ उभी राहते, हिरडीच्या आत लपलेल्या मुळांसकट.

पण वडीपेक्षा जास्त मला सांगायचंय ते एका माणसाबद्दल. दाताच्या मुळाची लांबी आणि आकार एक्स-रेवर बघून त्याप्रमाणे उपचार करायचे, ही सवय ज्यांनी दंतवैद्यांना लावली त्यांतलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराचे डॉ. चार्ल्स एडमंड केल्स. दाताच्या डॉक्टरांना हे नाव पाठ असतं. आपल्याला बहुतेक नसतं. मलाही नव्हतं.

मला ते कळलं सोलापुरात. सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात माझ्या खालच्या दाढेचं रूट कॅनॉल झालं. (कडक भाकरीला उगीच दोष देऊ नका, दाढ आधीच किडलेली होती.) स्क्रीनवर दाढेचं मूळ शेवटाला कोयत्यासारखं मागे वळलेलं दिसत होतं. मॅडमनी त्यात केसाएवढी बारीक सुई घातली, रबरची छोटी टिकली लावलेली, आणि सुई आत असतानाच पुन्हा एक एक्स-रे घेतला. सुई मुळाच्या टोकाला पोचली की मध्येच अडकली, हे बघायला. तोंड उघडं असल्यामुळे मला काही विचारता येत नव्हतं. नंतर विचारलं, की ही युक्ती कुणाची? तेव्हा त्यांनी केल्स हे नाव सांगितलं, आणि त्याचं पुढे काय झालं ते घरी जाऊन वाच, असंही सांगितलं. वाचलं. ते तुम्हाला सांगतो.

विजेचं वेड असलेला दंतवैद्य

केल्स यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८५६ चा, न्यू ऑर्लिन्समधला. वडीलही दंतवैद्य, त्यांचंही नाव चार्ल्स एडमंड केल्सच. मुलगा न्यूयॉर्कला दंतवैद्यक शिकायला गेला आणि १८७८ साली पास झाला. ही वर्षं लक्षात घ्या. त्याच काळात न्यूयॉर्कजवळ मेन्लो पार्कला एडिसनची प्रयोगशाळा जोरात होती. फोनोग्राफ नुकताच झाला होता, विजेच्या दिव्यावर काम चाललं होतं. या तरुणाची तिथल्या मंडळींशी ओळख झाली आणि विजेचं वेड लागलं ते कायमचं. म्हणजे आजच्या भाषेत, मेडिकलचा विद्यार्थी आणि सगळा मोकळा वेळ एखाद्या स्टार्टअपच्या ऑफिसात, असा प्रकार.

गावी परतल्यावर तो वडिलांच्या दवाखान्यात काम करू लागला. शहरातल्या तारेवरून दवाखान्यात वीज घेऊन त्यावर यंत्रं चालवणाऱ्या अगदी पहिल्या दंतवैद्यांत त्याचं नाव घेतलं जातं. नवीन काही दिसलं की उघडून बघायचं, जमलं तर सुधारायचं. त्याच्या नावावर तीसेक पेटंट्स सांगतात. त्यातली एक वस्तू तुम्ही नक्की अनुभवली असेल: दातांचं काम चालू असताना ओठाच्या कोपऱ्यात लटकवलेली, सुर्र सुर्र करत थुंकी आणि पाणी ओढणारी नळी. तोंडातून, जखमेतून रक्त-पाणी ओढून घेणाऱ्या सक्शन पंपावर केल्सनी काम केलं आणि तो पंप पुढे मोठ्या शस्त्रक्रियांमध्येही गेला.

अजून एक गोष्ट, तंत्रज्ञानाची नाही पण सांगायलाच हवी. १८८५ साली त्यांनी मालविना क्युएरिया या तरुणीला दवाखान्यात मदतनीस म्हणून नेमलं. दंतवैद्याच्या हाताशी काम करणारी ही पहिली बाई मानली जाते. त्या काळात बायका एकट्या दंतवैद्याकडे जात नसत, सोबत घरचं कुणीतरी लागे. दवाखान्यात एक बाई आहे म्हटल्यावर त्यांना एकट्यानं येता येऊ लागलं.

पंचवीस मिनिटांचा फोटो

८ नोव्हेंबर १८९५. जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये प्राध्यापक राँटगेन यांना ते किरण सापडले, ज्यांना काय म्हणावं कळेना म्हणून त्यांनी गणितातला अज्ञाताचा एक्स लावला. आपण त्याचंच क्ष-किरण केलं. डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं, हाडं आणि अंगठी दिसणारं, आणि जानेवारी १८९६ मध्ये बातमी जगभर पसरली. इंटरनेट नसताना ही बातमी ज्या वेगाने पळाली त्याचं मला अजून नवल वाटतं. त्याच महिन्यात जर्मनीतच ऑटो वाल्कहॉफ नावाच्या दंतवैद्याने स्वतःच्या दाढांचा एक्स-रे घेतला. त्यासाठी त्याला पंचवीस मिनिटं न हलता बसावं लागलं.

पंचवीस मिनिटं! आपल्याला सेल्फी घेताना टायमरचे दहा सेकंद जड जातात.

आपल्याकडे तेव्हा काय होतं? सोलापुरात जुनी गिरणी सुरू होऊन वीसेक वर्षं झाली होती आणि १८९६ हे साल तर इथे दुष्काळाचं. दाढ दुखली की ती काढायची, हा एकच उपचार लोकांना माहीत. तो उपचार पुढेही बराच काळ टिकला. माझ्या आजीच्या पिढीतल्या कितीतरी बायका मिश्री लावून लावून दुखणं रेटायच्या आणि शेवटी दात काढून घ्यायच्या.

केल्सनी हे नवे किरण आपल्याच शहरात पाहिले, ट्युलेन विद्यापीठातल्या ब्राऊन एअर्स या प्राध्यापकांच्या प्रयोगात. लगेच सामान जमवलं आणि जुलै १८९६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या अॅशव्हिल इथे दक्षिणेकडच्या दंतवैद्यांच्या संमेलनात त्यांनी जिवंत माणसाच्या दातांचा एक्स-रे कसा घ्यायचा ते करून दाखवलं. शोधाला नऊ महिनेही पुरते झाले नव्हते.

त्यांची खरी हुशारी मात्र एका छोट्या वस्तूत आहे. फिल्म तोंडात धरायची कशी? काळ्या कागदात आणि रबरात गुंडाळली म्हणजे उजेड आणि थुंकी लागणार नाही, हे ठीक. पण ती हलली की चित्र बिघडलं. केल्सनी दातांत चावून धरता येईल असा होल्डर बनवला, आणि फिल्म दाताला समांतर राहील, किरण तिच्यावर सरळ पडतील, अशी रचना केली.

समांतर कशाला? उन्हातली आपली सावली आठवा. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात भर दुपारी सावली पायाखाली गोळा होते, संध्याकाळी तीच रस्ताभर पसरते. माणूस तेवढाच. एक्स-रे म्हणजे सावलीच. किरण तिरके पडले तर वीस मिलिमीटरचं मूळ पंधराचं दिसेल नाहीतर पंचवीसचं. आणि मुळाची लांबी चुकली तर पुढचं सगळं चुकतं.

शिशाची तार

आता रूट कॅनॉल म्हणजे काय ते दोन ओळीत. दाताच्या मधोमध एक पोकळी असते. तिच्यातून बारीक नळ्या मुळाच्या टोकापर्यंत जातात, त्यांत नस आणि रक्तवाहिन्या असतात. कीड तिथवर पोचली की ठणका सुरू. दात काढायचा नसेल तर त्या नळ्या आतून साफ करून पूर्ण भरून टाकायच्या. कमी भरल्या तर उरलेल्या जागेत घाण राहते. टोकाच्या बाहेर गेलं तर हाडाला त्रास. म्हणजे नळी नेमकी कुठवर आहे हे कळलं पाहिजे, आणि ती तर हिरडी आणि हाडाच्या आत.

केल्सच्या आधीचे दंतवैद्य हे बोटांच्या जाणिवेवर करायचे. सुई घालायची, रोगी दचकला की टोक आलं असं समजायचं.

१८९९ साली केल्सनी एका पुढच्या दाताच्या नळीत शिशाची बारीक तार घातली आणि एक्स-रे घेतला. शिसं किरणांना अडवतं, त्यामुळे चित्रात तार पांढरीशुभ्र उमटते. दात राखाडी, नळी काळपट, आणि त्यात ही पांढरी रेघ. रेघ कुठे संपते आणि मूळ कुठे संपतं, यातलं अंतर डोळ्याला दिसलं. बस. अंदाज संपला, मोजमाप सुरू झालं.

माझ्या मते ही केल्स यांची सगळ्यात मोठी कामगिरी, सक्शन पंपाहून मोठी. कारण यात नवीन यंत्र काहीच नाही. होतं तेच यंत्र, त्यात चार आण्याची तार. पण त्या तारेमुळे एक्स-रे हा फोटो राहिला नाही, तो फूटपट्टी झाला. आज शिशाऐवजी स्टीलची किंवा निकेल-टायटॅनियमची फाईल असते, रबरची टिकली लांबीची खूण धरते, आणि विजेचा अडथळा मोजून टोक सांगणारं अॅपेक्स लोकेटर नावाचं यंत्रही सोबतीला असतं. तरी फाईल आत ठेवून एक्स-रे घेण्याची पद्धत गेली नाही.

वाकडी मुळं हा तर वेगळाच विषय. काही मुळं टोकाला बाकदार, काही चक्क काटकोनात वळलेली. काही दाढांत दोन नळ्या मिळून इंग्रजी सी अक्षरासारखी एकच खाच होते. वरच्या पहिल्या दाढेत तीन मुळं असतात, पण नळ्या पुष्कळदा चार निघतात, आणि चौथी सापडली नाही म्हणून उपचार केलेली दाढ पुन्हा ठणकते. खालच्या दाढेच्या पुढच्या मुळात दोन नळ्या असतात, एक गालाकडे, एक जिभेकडे. सरळ एक्स-रेत त्या एकामागे एक येतात आणि एकच दिसते.

यावर १९१० च्या सुमारास क्लार्क नावाच्या माणसाने दाखवलेली युक्ती अजून वापरतात. एसटीच्या खिडकीत बसून पंढरपूरला जाताना काय दिसतं? रस्त्याकडेचे लिंब सपासप मागे पळतात आणि लांबची साखर कारखान्याची चिमणी आपल्याबरोबर चालत आल्यासारखी वाटते. एक्स-रेची नळी म्हणजे बसमधले तुम्ही. ती थोडी बाजूला सरकवून दुसरा एक्स-रे घ्यायचा. जी रेघ नळीबरोबर सरकली ती लांबची, म्हणजे जिभेकडची. जी उलट गेली ती जवळची, गालाकडची. त्यामुळे डॉक्टरांनी त्याच दाढेचा तिरका असा दुसरा एक्स-रे मागितला तर बिल वाढवायला मागतायत असं लगेच समजू नका.

आधी स्वतःचा हात

आता ती बाजू, जी वाचायला सांगून मॅडम गप्प बसल्या होत्या.

आजचं मशीन ठरलेल्या आकड्यावर लावलं की दर वेळी तेवढेच किरण सोडतं. केल्सच्या काळची काचेची नळी तशी नव्हती. तिच्या आत थोडा वायू उरलेला असे आणि त्याच वायूवर सगळा खेळ. नळी तापली, जुनी झाली, की वायूचा दाब बदले आणि किरणांचा जोरही बदले. सकाळी चांगली चाललेली नळी दुपारी भलतीच. मग रोग्याचा एक्स-रे घेण्याआधी ती तपासायची कशी? सर्रास पद्धत अशी की नळीसमोर स्वतःचा हात धरायचा, किरण पडल्यावर चमकणाऱ्या पडद्यातून बघायचं आणि बोटांची हाडं स्वच्छ दिसेपर्यंत नळी जमवत राहायचं. हाडं नीट दिसली, की नळी तयार. मग रोगी.

दर रोग्यामागे एकदा. दिवसातून कितीदा, वर्षातून कितीदा. केल्सनी हे बरीच वर्षं केलं. कॅमेरा जमवायला आपण समोरच्या भिंतीवर फोकस करून बघतो, त्या भिंतीच्या जागी त्यांचा डावा हात होता.

त्रास लगेच होत नाही, हीच यातली मेख. भाजलं तर हात आपोआप मागे येतो. इथे काही जाणवतच नाही. महिन्यांनी कातडी लाल होते, कोरडी पडते, चामखिळी येतात, जखमा भरेनाशा होतात, आणि काही वर्षांनी कॅन्सर.

कुणाला काहीच कळलं नव्हतं असं नाही. एडिसनचा एक्स-रेवर काम करणारा मदतनीस क्लॅरेन्स डॅली हात गमावून १९०४ साली वारला आणि एडिसनने हे काम सोडून दिलं. बोस्टनचा विल्यम रोलिन्स, तोही मुळात दंतवैद्यच, त्याने १९०१ मध्येच गिनीपिगवर प्रयोग करून हे किरण जीव घेतात हे दाखवलं होतं. नळीभोवती शिशाचं आवरण घाला, जेवढ्या भागाचं चित्र हवं तेवढ्याच भागावर किरण पडू द्या, डोळ्यांना शिसं असलेली काच लावा, हे सगळं तो सांगत होता. बहुतेकांनी कानाआड केलं. त्याचा मला राग येतो, आणि तो केल्सवर नाही. यंत्र विकणाऱ्यांना आणि वापरणाऱ्यांना दोघांनाही वेग हवा होता, आणि वाईट बातमी सांगणारा माणूस त्यात अडथळा वाटतो. १९१३ मध्ये कूलिज यांची नवी नळी आली, जिच्यात किरण हवे तेवढे सोडता येऊ लागले आणि हाताची चाचणी लागेनाशी झाली. पण तोवर कितीतरी हात जायचे ते गेले होते.

केल्सच्या हातावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. आधी बोटं गेली, मग पंजा, मग हात. दंतवैद्याचा हात म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. तरीही माणूस लिहीत होता, बोलत होता. १९२५ आणि १९२६ साली त्यांची दोन पुस्तकं आली, एक व्यवसायाबद्दल, एक आठवणींचं.

सावली म्हणजे निकाल नव्हे

या शेवटच्या वर्षांत त्यांनी केलेलं एक भांडण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं.

१९१० साली विल्यम हंटर या लंडनच्या डॉक्टरने कॅनडात एक भाषण दिलं. सडलेल्या मुळांवर सोन्याच्या टोप्या बसवून दंतवैद्य शरीरभर रोग पसरवतात, असा त्याचा सूर होता. मुद्द्यात थोडं तथ्य होतं, पण त्याचा पार विपर्यास झाला. सांधे दुखतात? दात काढा. पोट बिघडलं? दात काढा. न्यू जर्सीतल्या एका मनोरुग्णालयात तर वेड बरं करायचं म्हणून रोग्यांचे दात काढले गेले. आणि यासाठी पुरावा म्हणून पुढे काय केलं जायचं? एक्स-रे. मुळाच्या टोकाशी जरा काळपट डाग दिसला की दात गुन्हेगार.

ज्या माणसाने दात वाचवायला एक्स-रे आणला, त्याच्यासमोर त्याच एक्स-रेच्या नावाने चांगले दात उपटले जात होते. १९२० मध्ये केल्सनी याविरुद्ध जाहीरपणे, फार कडक शब्दांत लिहिलं. डॉक्टरने चिठ्ठी दिली म्हणून दंतवैद्याने मुकाट्याने दात काढू नये, त्याने नकार द्यावा, असं त्यांचं म्हणणं होतं. हाताचं एवढं झालेलं असताना त्यांनी एक्स-रेलाच शिव्या घातल्या असत्या तर कुणी नवल केलं नसतं. त्यांनी यंत्राला दोष दिला नाही. चित्र न वाचता निकाल देणाऱ्यांना दिला.

त्यांचं म्हणणं किती बरोबर होतं ते एका उदाहरणाने कळेल. खालच्या जबड्यात, सुळ्याच्या मागे जे छोटे दात असतात, त्यांच्या मुळाजवळ हाडाला एक भोक असतं. ते प्रत्येकाला असतं, त्यातून ओठाकडे जाणारी नस बाहेर येते. एक्स-रेत ते भोक कधीकधी नेमकं मुळाच्या टोकावर येतं आणि पुवाचा डाग असावा तसं हुबेहूब दिसतं. दात ठणठणीत असतो. उलटही होतं: आत संसर्ग असतो पण हाड बरंच झिजेपर्यंत एक्स-रेत काही दिसत नाही. म्हणून चांगला डॉक्टर चित्र बघून थांबत नाही. दातावर ठोकून बघतो, थंड लावून बघतो, तुम्हाला प्रश्न विचारतो, कोन बदलून पुन्हा चित्र घेतो.

आता एक्स-रेवर रंगीत चौकोन काढून इथे कीड, इथे डाग असं दाखवणारी एआय सॉफ्टवेअर्सही आली आहेत. कामाची आहेत, डोळ्यातून सुटलेलं दाखवतात. पण चौकोन म्हणजे शंका, एवढंच. आणि दवाखान्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला एक्स-रे झूम करून स्वतःच निदान करू नका. फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सअॅप तो दाबून लहान करतं आणि केसाएवढ्या नळ्या त्यात पुसल्या जातात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून मागून घ्या, फाईल जशीच्या तशी येते.

७ मे १९२८ रोजी, अनेक वर्षांच्या वेदनांनंतर, डॉ. केल्सनी न्यू ऑर्लिन्समधल्या आपल्या दवाखान्यात आयुष्य संपवलं. वय ७१.

वडीच्या आत काय असतं

सुरुवातीला सेन्सरचं म्हटलं होतं, ते राहिलंच. केल्सच्या फिल्मची जागा १९८७ मध्ये फ्रान्समध्ये बाजारात आलेल्या पहिल्या डिजिटल यंत्राने घ्यायला सुरुवात केली. त्याचं नाव आरव्हीजी, आणि झेरॉक्ससारखं ते नाव आता सगळ्याच कंपन्यांच्या यंत्रांना लागतं. पुढे नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम यांच्या टीमने सीएमओएस सेन्सर विकसित केला. तोच वंश तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यात आहे, आणि त्याचे अगदी सुरुवातीचे उपयोग ज्या ठिकाणी झाले त्यात दाताचा एक्स-रे होता.

फरक दोन. फोनचा सेन्सर नखाएवढा असतो, कारण पुढची भिंग सगळं दृश्य लहान करून त्यावर पाडते. एक्स-रेला साधी भिंग वळवू शकत नाही. त्यामुळे जेवढी दाढ तेवढाच सेन्सर लागतो, म्हणून ती वडी तोंडात टोचते. दुसरं म्हणजे सीएमओएसला एक्स-रे नीट दिसत नाही, त्याला साधा उजेड लागतो. म्हणून वर एक थर असतो, जो किरण पडल्यावर चमकतो, आणि सेन्सर त्या चमकेचा फोटो घेतो. केल्स ज्या चमकत्या पडद्यातून स्वतःच्या बोटांची हाडं बघायचे, त्याच जातीचा हा थर.

पंचवीस मिनिटांचं काम आता सेकंदाच्या छोट्याशा भागात होतं. एका दाताच्या डिजिटल एक्स-रेतून मिळणारे किरण साधारण ५ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास असतात. जमिनीतून, हवेतून, आकाशातून आपल्याला रोज काही न करता सहा-सात मायक्रोसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे रोग्याने घाबरायचं कारण नाही, गरोदर असाल तर आधी सांगा एवढंच. दिवसभर तेच काम करणाऱ्याचं गणित वेगळं, आणि नियम त्याच्यासाठी जास्त कडक आहेत. आपल्याकडे दाताच्या एक्स-रे मशीनलाही मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची म्हणजे एईआरबीची परवानगी लागते.

त्या नियमांतला एक तुम्ही स्वतः बघू शकता. डॉक्टर किंवा त्यांची सहायक ती वडी तुमच्या तोंडात स्वतःच्या बोटाने धरून बसत नाही. प्लास्टिकचा होल्डर देतात, तुम्हालाच चावून धरायला सांगतात, आणि बटण घेऊन खोलीबाहेर किंवा निदान सहा फूट लांब जातात. बटणाची वायर त्यासाठीच एवढी लांब ठेवलेली असते.